अमेरिकेचा दाखला देणाऱ्या प्रवक्त्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व पक्षांचे सन्माननीय प्रवक्ते
(सत्तेतले, सत्तेबाहेरचे आणि नक्की कुठे ते अजून न ठरलेले)

विषय : ईव्हीएमच्या चर्चेत अमेरिकेचा हवाला देण्याबाबत

सप्रेम नमस्कार, वि. वि.

ईव्हीएमची चर्चा सुरू झाली की पाचव्या मिनिटाला अमेरिका येते. एक बाजू म्हणते, एवढा प्रगत देश, पण तिथेही कागदी मतपत्रिकाच. दुसरी बाजू म्हणते, म्हणूनच तिथे महिनाभर मोजणी चालते, आपल्याकडे दुपारीच गुलाल उडतो. पक्ष सत्तेबाहेर असला की पहिले वाक्य, सत्तेत आला की दुसरे, असा एकूण प्रघात दिसतो. २००९ च्या लोकसभा निकालानंतर मतपत्रिका परत आणा म्हणणाऱ्यांत लालकृष्ण अडवाणी पुढे होते, ही आठवण आज दोन्ही बाजूंना अडचणीची आहे.

तिकडेही हेच चालते, फक्त तिथे दाखला आपला असतो. जून २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रे बाद करावीत असे लिहिले आणि ते वाक्य आपल्याकडे हातोहात फिरले. नोव्हेंबरात त्यांनीच लिहिले की भारताने ६४ कोटी मते एका दिवसात मोजली, कॅलिफोर्निया मात्र अजून मोजतेच आहे. ते वाक्यही फिरले, फक्त फिरवणारे बदलले. मार्च २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी निवडणुकांबाबत जो कार्यकारी आदेश काढला, त्याच्या सुरुवातीलाच भारत आणि ब्राझील मतदाराची ओळख बायोमेट्रिक माहितीशी जोडत आहेत असा दाखला आहे. आपल्याकडे मतदार यादीला आधार जोडणे ऐच्छिक आहे आणि त्यासाठी ६-ब नमुन्याचा अर्ज भरावा लागतो, हे व्हाइट हाउसला कुणी कळवलेले दिसत नाही.

दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

अमेरिकेत आज ९५ टक्क्यांहून अधिक मते कागदावर नोंदली जातात, हे खरे. पण तो कागद मोजते यंत्रच. मतदार नावापुढचा लंबगोल पेनाने भरतो, कागद स्कॅनरमध्ये सरकवतो आणि स्कॅनर बेरीज ठेवतो. लुइझियानासारखे एखादे राज्य २०२४ मध्येही केंद्रावर कागदाशिवायची जुनी यंत्रे वापरत होते. जॉर्जियात २०२० पासून मतदार टचस्क्रीनवर निवड करतो, प्रिंटर ती कागदावर छापतो आणि स्कॅनर मात्र त्यावरची नावे न वाचता शेजारचा क्यूआर कोड वाचतो. मतदाराला वाचता येते ते यंत्र वाचत नाही आणि यंत्र वाचते ते मतदाराला वाचता येत नाही. यावर वर्षानुवर्षे खटला चालला आणि अखेर २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळानेच तो कोड हटवण्याचा कायदा केला. तेव्हा ‘अमेरिकेत असे असते’ हे वाक्यच मुळात डळमळीत. तिथे आपल्यासारखा एक निवडणूक आयोग नाही. निवडणुका घेणारी सुमारे १०,००० स्वतंत्र कार्यालये आहेत. विस्कॉन्सिनमध्ये तर काउंटीही (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नव्हे, गावागावाचा कारकून मतदान घेतो, आणि अशी गावे-शहरे १,८०० च्या वर आहेत.

आता तो कागद बघा. आपण ज्याला मतदान म्हणतो ते एक पद आणि एक बटण. नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारापुढे राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, खासदार, राज्याचे आमदार, शाळा मंडळ असे सगळे तर होतेच. शिवाय राज्याचे १० आणि शहराचे १५ प्रस्ताव होते, प्रत्येकावर ‘हो’ किंवा ‘नाही’. महापौरपदासाठी पसंतीक्रम, तोही दहापर्यंत. अन्य ठिकाणी शेरीफ, न्यायाधीश, पाणीपुरवठा मंडळ, कित्येक काउंट्यांत मृत्यूची चौकशी करणारा कोरोनरसुद्धा निवडून येतो. या हद्दी एकमेकींवर आडव्यातिडव्या पडतात, त्यामुळे रस्त्याच्या या बाजूची मतपत्रिका वेगळी, त्या बाजूची वेगळी. मोठ्या काउंटीत एकाच निवडणुकीत हजारो प्रकारच्या मतपत्रिका लागतात.

हे हाताने मोजायचे म्हणजे काय? चौघांचे टेबल लागते. एक जण मतपत्रिका मोठ्याने वाचतो, दुसरा तो बरोबर वाचतोय ना ते पाहतो, उरलेले दोघे आपापल्या तक्त्यावर स्वतंत्रपणे रेघा मारतात. पाचवी रेघ आडवी. गड्डी संपली की दोघांच्या बेरजा जुळवायच्या. जुळल्या नाहीत तर तीच गड्डी पुन्हा. चुका कुठे होतात तेही ठरलेले आहे. वाचणारा सवयीने आधीच्याच उमेदवाराचे नाव घेतो, लिहिणाऱ्याची रेघ एक ओळ खाली पडते, आणि तिसऱ्या तासानंतर दोघेही एकाच चुकीवर एकमत करू लागतात. ॲरिझोनातल्या मोहावी काउंटीने २०२३ मध्ये याची रीतसर चाचणी घेतली. ८५० मतपत्रिका, सात माणसे, तीन दिवस. एका मतपत्रिकेला सरासरी ३ मिनिटे लागली आणि ४६ चुका निघाल्या. काउंटीच्या एक लाखावर मतपत्रिका या वेगाने मोजायच्या तर एका चमूला ५,००० तास लागले असते. काउंटीच्या मंडळाने, जे रिपब्लिकन बहुमताचेच होते, हिशेब पाहून विषय मिटवला. नेवाडातल्या नाय काउंटीने २०२२ मध्ये हौसेने हाताने मोजणी सुरू केली. नावे मोठ्याने वाचल्यामुळे मतदान संपण्याआधीच कल बाहेर पडतो, म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मध्येच थांबवली.

विरोधी पक्षांच्या प्रवक्त्यांनी एवढे लक्षात घ्यावे. आणि सत्ताधाऱ्यांनी लगेच हसू नये. आपल्या विधानसभेच्या मतपत्रिकेवर एकच शिक्का असायचा. ती उमेदवारनिहाय खणांत टाकायची, गड्ड्या बांधायच्या, गड्ड्या मोजायच्या. हे काम देशाने पन्नास वर्षे केले आहे. अमेरिकेला हाताने मोजणे झेपत नाही ते लांबलचक मतपत्रिकेमुळे. त्यावरून आपल्याला झेपणार नाही असे सिद्ध होत नाही.

तुमचा दुसरा आवडता मुद्दा, महिनाभराची मोजणी. कॅलिफोर्नियात मोजणी रेंगाळते ती कागदामुळे नव्हे. तिथे प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला घरी मतपत्रिका जाते. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असेल तर पुढचे सात दिवस आलेली पाकिटे धरतात. प्रत्येक पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात, जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी देतात, मग पाकीट फोडून घडी सपाट करतात आणि त्यानंतर स्कॅन. पेनसिल्व्हेनियात कायदा असा की मतदानाच्या दिवशी सकाळी सातपर्यंत पाकिटाला हातच लावायचा नाही. शिवाय आत दुसरे गोपनीय पाकीट हवे. ते विसरला तर मत बाद, आणि त्या बाद मताला कर्मचारी ‘नागडी मतपत्रिका’ म्हणतात. याउलट फ्लोरिडात पाकिटांवरची प्रक्रिया आधीपासून चालते आणि मतदानाच्या संध्याकाळी सातनंतर आलेले पाकीट साधारणपणे घेत नाहीत. तिथला निकाल त्याच रात्री लागतो. कागद तसाच, स्कॅनर तसेच, कायदा तेवढा वेगळा. अर्थात फ्लोरिडाला हे शहाणपण फुकट आलेले नाही.

२००० साली राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल फ्लोरिडात ५३७ मतांवर ठरला आणि त्या ५३७ मतांमागे पुठ्ठ्याचे बारीक तुकडे होते. तेव्हा तिथल्या बऱ्याच काउंट्यांत छिद्र पाडायच्या कार्डांवर मतदान होई. कार्डावर उमेदवारांची नावे नसत, नुसते क्रमांक. नावे वरच्या पुस्तिकेत. कार्ड साच्यात सरकवायचे आणि टोकदार सळईने दाबायचे, म्हणजे आधीच अर्धवट कापलेला चौकोन, त्याला ‘चॅड’ म्हणत, खाली पडायचा. आधीच्या मतदारांचे चॅड साच्याखाली साचले किंवा आतली रबराची पट्टी जुनी झाली की सळई पुरती आत जात नसे. मग चॅड एका कोपऱ्यावर लोंबकळायचा किंवा नुसता फुगायचा, आणि कार्ड वाचणाऱ्या यंत्रातून जाताना पुन्हा छिद्रावर बसायचा. परिणामी तेच कार्ड दोनदा मोजले तर दोन आकडे. पाम बीच काउंटीत भरीस भर म्हणून ज्येष्ठांना मोठा टाइप वाचता यावा या सद्हेतूने नावे समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि छिद्रे मधल्या एकाच रांगेत ठेवली. डावीकडचे दुसरे नाव डेमोक्रॅटिक उमेदवार ॲल गोर यांचे, पण दुसरे छिद्र उजवीकडच्या, तिसऱ्याच पक्षाच्या पॅट बुकॅनन यांचे. एकाच पदासाठी दोन छिद्रे पडलेली १९,००० हून अधिक कार्डे त्या एका काउंटीत बाद झाली.

यात कुणी काही हॅक केले नव्हते.

त्यानंतर अमेरिकेने जे केले ते आपल्या कोणत्याही सरकारला ओळखीचे वाटेल. २००२ मध्ये कायदा झाला, काही अब्ज डॉलर मंजूर झाले, जुनी यंत्रे ठरावीक मुदतीत हटवा असा हुकूम निघाला, आणि मुदतीच्या घाईत शेकडो काउंट्यांनी कागदच नसलेली टचस्क्रीन यंत्रे घेतली. २००३ पासून विद्यापीठांतले संगणकतज्ज्ञ त्यांतल्या त्रुटी दाखवत होते. २००६ मध्ये प्रिन्स्टनच्या एका गटाने तशा यंत्रात मिनिटाभरात घातक प्रोग्रॅम घालता येतो हे करून दाखवले. त्या गटातले ॲलेक्स हाल्डरमन पुढे २०१० मध्ये हरी प्रसाद यांच्याबरोबर भारतीय ईव्हीएमच्या अभ्यासात होते. यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून आल्याच्या आरोपावरून प्रसाद यांना अटक झाली होती, हे तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल.

पण टचस्क्रीनला खरा धक्का हॅकिंगने दिला नाही. २००६ मध्ये फ्लोरिडातल्याच सारासोटा काउंटीत खासदारकीचा निकाल ३६९ मतांनी लागला आणि सुमारे १८,००० मतदारांनी त्या पदासाठी मतच दिले नसल्याचे यंत्रांनी सांगितले. बाकी पदांना मते दिली आणि नेमके हेच पद सोडले? बहुधा पडद्याची रचनाच अशी होती की वरच्या कोपऱ्यातली ही लढत नजरेतून सुटत होती. बहुधाच म्हणावे लागते, कारण तपासायला कागद नव्हता. फेरमोजणी म्हणजे यंत्राला तोच आकडा पुन्हा विचारणे. फ्लोरिडाने पुढच्याच वर्षी कागदाकडे परतायचे ठरवले आणि इतर राज्येही हळूहळू मागे वळली.

सारासोटा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्कॅनर म्हणजे तरी सगळे आलबेल नव्हे. मतपत्रिकेच्या कडेने काळे आयत छापलेले असतात. स्कॅनर आधी ते शोधतो आणि त्यांवरून लंबगोल कुठे असायला हवा ते ठरवतो. कडेचे ठसे फिके पडले किंवा छपाई जरा लहान झाली, तर मत कितीही स्वच्छ असो, कागद परत येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲरिझोनाच्या मॅरिकोपा काउंटीत हेच झाले. मतदार काउंटीतल्या कोणत्याही केंद्रावर जाऊ शकत होता, म्हणून त्याची मतपत्रिका तिथल्या तिथे छापून देत. त्या वर्षी लढती इतक्या होत्या की कागद २० इंच लांब झाला. शाई मागच्या बाजूला उमटू नये म्हणून तो जाड, १०० पौंडी घेतलेला. केंद्रांवरचे छोटे ऑफिस प्रिंटर अशा कागदासाठी बनलेले नसतात. जाड कागद तापायला जास्त उष्णता लागते. ती मिळाली नाही की टोनर चिकटत नाही, बोटाने खरवडला तरी निघतो. काही ठिकाणी दुरुस्तीच्या खटपटीत छपाईचे माप आक्रसले आणि मतपत्रिका प्रमाणापेक्षा लहान छापली गेली. चौकशीसाठी नेमलेल्या माजी मुख्य न्यायमूर्ती रूथ मॅकग्रेगर यांनीही लांबी आणि जाडी या जोडीवरच बोट ठेवले.

अशा वेळी मतपत्रिका यंत्राखालच्या तिसऱ्या कप्प्यात टाकायची आणि रात्री फिनिक्सच्या केंद्रीय मोजणीत मोठ्या स्कॅनरवर वाचायची, अशी पर्यायी सोय होती. पण त्या कप्प्यात मत टाकू नका, ते मोजणार नाहीत, असा प्रचार दुपारपर्यंत सुरू झाला. सुमारे १७,००० मतपत्रिका त्या कप्प्यातून गेल्या आणि मोजल्याही गेल्या. योगायोग बघा, गव्हर्नरपदाच्या उमेदवार कॅरी लेक १७,११७ मतांनी पडल्या. त्यावरून खटले किती चालले असतील याचा अंदाज तुम्हाला अनुभवाने येईलच.

याच काउंटीत २०२० मध्ये वाद झाला तो मार्कर पेनाचा. ‘शार्पी’ ब्रँडच्या मार्करची शाई कागदाच्या मागे उमटते, म्हणजे मते बाद करण्याचा डाव आहे, असा. प्रत्यक्षात शार्पी मुद्दाम दिले होते. बॉलपेनची शाई ओली राहते आणि स्कॅनरच्या काचेला लागते, मार्करची चटकन वाळते. आणि शाई मागे उमटली तरी बिघडू नये म्हणून पुढच्या आणि मागच्या बाजूचे लंबगोल एकमेकांच्या पाठीवर येणार नाहीत असेच छापलेले होते. पण हे सांगायला लागतो एक मिनिट आणि ‘शार्पीने मते बाद’ म्हणायला दोन सेकंद. चॅनेलवर कोण जिंकणार ते तुम्हाला ठाऊक आहे. अर्थात फुकट काही नसते: मतदान यंत्रांवरच्या खोट्या आरोपांपायी फॉक्स न्यूजने एप्रिल २०२३ मध्ये डॉमिनियन कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजले.

२०२० च्या त्या निवडणुकीनंतर, २०२१ मध्ये, ॲरिझोनाच्या सिनेटमधल्या रिपब्लिकनांनी मॅरिकोपाच्या २१ लाख मतपत्रिकांची ‘न्यायवैद्यक’ तपासणी सायबर निंजा नावाच्या कंपनीला दिली. फिरत्या तबकांवर मतपत्रिका ठेवून मोजणारे भोवती बसले. अतिनील दिवे आले, कागदात बांबूचे तंतू सापडतात का तेही पाहिले गेले. मोजणाऱ्यांच्या हातात पहिल्या दिवशी निळी पेने होती. स्कॅनर निळी आणि काळी शाई मत म्हणूनच वाचतो. मतपत्रिकेजवळ जाणाऱ्याने लाल किंवा हिरवे पेन घ्यायचे, हा या धंद्यातला पहिला धडा. तो एका महिला पत्रकाराने दाखवून दिला तेव्हा पेने बदलली. पाच महिने आणि लाखो डॉलर खर्चून निष्कर्ष निघाला की बायडेन यांची ९९ मते वाढली आणि ट्रम्प यांची २६१ घटली.

आता मुख्य गोष्ट. तुमच्यापैकी कुणीही ती कधी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेकडून घेण्यासारखे काही असेल तर ते कागद किंवा यंत्र नव्हे, कागद आणि यंत्र एकमेकांशी ताडून पाहण्याची रीत. बर्कलीचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी ती मांडली आणि २०१७ मध्ये कोलोरॅडोने ती राज्यभर सुरू केली. चुकीचा निकाल पडताळणीतून निसटून जाण्याची शक्यता किती चालेल ते आधीच ठरवायचे, समजा ५ टक्के, आणि ती तेवढ्यावर येईपर्यंत कागद तपासत राहायचे.

क्रम असा. मोजणी झाली की प्रत्येक काउंटी पेट्यांची यादी करते: कोणत्या पेटीत किती मतपत्रिका. ही यादी स्कॅनरच्या अहवालावरून करायची नाही, वेगळी करायची. नाहीतर ज्याची तपासणी करायची त्याचीच साक्ष होते. मग यंत्राने प्रत्येक मतपत्रिका कशी वाचली त्याची फाइल जमा करून गोठवायची. हे झाल्यावरच, आधी नाही, राजधानी डेन्व्हरमध्ये लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकतात. वीस फासे, वीस अंक. ही संख्या एका जाहीर सूत्रात घातली की कोणत्या पेटीतली कितवी मतपत्रिका काढायची याची यादी मिळते, आणि घरी लॅपटॉप असलेला कुणीही ती यादी स्वतः काढून पाहू शकतो. दोन पक्षांचे दोन तपासनीस पेटीचे सील तपासतात, मोजून नेमकी तीच मतपत्रिका काढतात आणि यंत्राने ती कशी वाचली हे न बघता स्वतः वाचून नोंदवतात. मग तुलना. जुळत गेले तर काम लवकर थांबते, जुळले नाही तर नमुना वाढतो, आणि वाढत वाढत सगळ्या मतपत्रिका हाताने मोजण्यापर्यंत जाऊ शकतो.

घोळ कुठे होतो? स्कॅनरने दोन कागद एकदम ओढले की पुढचा सगळा क्रम एकाने सरकतो. गड्डी हातातून पडली आणि उलटी लावली, तरी तेच. यादीत १०० आणि पेटीत ९९ असतील, तर हरवलेली मतपत्रिका हरलेल्या उमेदवाराला सर्वांत फायद्याची ठरेल अशी धरायची. शंकेचा फायदा यंत्राला नाही. हा नियम मला त्या सगळ्या पद्धतीतला सर्वांत शहाणा वाटतो.

किती मतपत्रिका लागतात? ते मतांच्या फरकावर ठरते. फरक १० टक्के असेल आणि सगळे जुळत गेले, तर साधारण ६० पुरतात. फरक १ टक्का असेल तर ६०० च्या आसपास. फरक अगदीच निसटता असेल तर सगळ्या. जॉर्जियात २०२० मध्ये तेच झाले, सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या. फ्लॉइड काउंटीत सुमारे २,६०० मतपत्रिका स्कॅनच न झालेल्या निघाल्या, फेएट काउंटीत मेमरी कार्डावरची २,७५५ मते बेरजेत चढवायची राहून गेलेली. निकाल पालटला नाही. पुढच्या यंत्र-फेरमोजणीनंतर फरक ११,७७९ वर स्थिरावला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी निवडणुका सांभाळणाऱ्या राज्याच्या सचिवांना फोन करून ११,७८० मते ‘शोधायला’ सांगितले ते त्यानंतर. अशा वेळी त्या सचिवांना नाही म्हणता आले, कारण त्यांच्याकडे हाताने मोजलेला कागद होता.

आता आपल्या व्हीव्हीपॅटकडे, म्हणजे ईव्हीएमला जोडलेल्या, मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राकडे या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठ्या टाकून पाच यंत्रे निवडतात आणि त्यांतल्या कागदी चिठ्ठ्या मोजतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात २८८ गुणिले ५, म्हणजे १,४४० यंत्रांची मोजणी जुळली. विरोधकांनी याची किंमत ओळखावी. राज्यभरातली अवघी १ टक्का यंत्रे बिघडवलेली असती, तरी १,४४० च्या नमुन्यात एकही न सापडण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते ती अशी, भात नीट ढवळलेला असेल तर.

पण प्रश्न एका मतदारसंघाचा आला की चित्र उलटते, आणि इथे सत्ताधाऱ्यांनी वही-पेन घ्यावे. समजा मतदारसंघात ३५० केंद्रे आहेत आणि त्यांतल्या ३५ यंत्रांत गडबड आहे. पाच यंत्रांच्या नमुन्यात त्यांतले एकही न येण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के निघते. ती ५ टक्क्यांवर आणायची तर २८ यंत्रे तपासावी लागतील. गडबड फक्त ७ यंत्रांत असेल तर १२१. पाच हा आकडा फरकाकडे पाहतच नाही. उमेदवार लाखाने जिंकला तरी पाच, शंभराने जिंकला तरी पाच. पहिल्या ठिकाणी ते पुष्कळ आहेत, दुसऱ्या ठिकाणी नाममात्र.

मुंबई उत्तर-पश्चिमचे उदाहरण तुम्ही सगळेच देता, म्हणून तेही पुरते सांगतो. तिथे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले ते टपाली मतांमुळे, म्हणजे कागदावरच्या, हाताने उघडलेल्या आणि हाताने बाद-मंजूर केलेल्या मतांमुळे. यंत्रावर सर्वांत जास्त आरोप झाले त्या निकालाचा फैसला कागदाने केला. असा फरक असेल तिथे पाच यंत्रांचा नमुना काय कामाचा? तिथे सगळ्या चिठ्ठ्या मोजायच्या, कुणी अर्ज करो वा न करो.

आणि आता सारासोटा. राज्य निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरणार नसल्याचे सांगितले. एका प्रभागात अनेक सदस्य असतात, त्यासाठी तशी यंत्रे नाहीत, हे कारण. कारण तांत्रिक आहे, समजण्यासारखेही आहे. पण नगरसेवकाचा निकाल पंधरा-वीस मतांवर लागतो, एकाच मतदाराने चार बटणे दाबायची असतात, आणि नेमक्या तिथेच तपासायला कागद नाही. तिथली फेरमोजणी म्हणजे यंत्राला तोच आकडा पुन्हा विचारणे. मारकडवाडीत डिसेंबर २०२४ मध्ये गावाने मतपत्रिकेवर अभिरूप मतदान करायचे ठरवले, तेव्हा जमावबंदी लागली आणि तुम्ही सगळे कॅमेऱ्यापुढे होतात. व्हीव्हीपॅट न वापरण्याच्या निर्णयावर त्या मानाने आवाज कमीच ऐकू आला. गाव दिसते, प्रणाली दिसत नाही, त्याला इलाज नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या तुमच्यापैकीच कुणीतरी ती काढेल. कोलोरॅडोसारखी एकेक मतपत्रिका ताडून पाहणे आपल्या ईव्हीएमवर जमणार नाही. आपले यंत्र मतांचा क्रम चिठ्ठीशी जोडून देत नाही आणि मतदानाच्या गोपनीयतेसाठी देऊही नये. म्हणून इथे अख्खे यंत्र हाच नमुन्याचा एकक धरावा लागेल, आणि त्यामुळे नमुना मोठा होईल. एका मतदारसंघात पाचाऐवजी कधी पंचवीस, कधी सव्वाशे यंत्रे, म्हणजे मोजणीचे एक-दोन दिवस जास्त. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी जेमतेम ५.६ सेंटिमीटर रुंद आणि थर्मल कागदाची असते, उष्णतेने काळवंडते. तेव्हा ती मोजायची असेल तर गोदामात पडू देण्याआधी मोजावी. जिल्हाधिकारी कार्यालयांना हे सगळे झेपण्यासारखे आहे. गुलाल एक दिवस उशिरा उधळावा लागेल, याची तयारी मात्र तुमची हवी.

नमुना किती यंत्रांचा हे फरकावरून ठरवणारा तक्ता आयोगाने मतदानाआधी जाहीर करावा, ही मागणी दोन्ही बाजूंना एकत्र करता येईल. यंत्रांची निवड चिठ्ठ्या टाकून न करता जाहीर फाशांनी करावी, म्हणजे घरबसल्या कुणालाही पडताळता येईल. दहा बाजूंचे वीस फासे लागतात. ऑनलाइन सहज मिळतात, निविदा काढावी लागणार नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक मतदार